मालनला वाचून दाखवलेला कागद

हवालदार कोंडिबाला वाचता येत होतं, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. साताऱ्याकडचं गाव मागं पडलं, पलटणीबरोबर जयपूर आलं, तेव्हा त्यानं खातीपुऱ्यात खोली घेतली आणि बायकोला, मालनला, आणलं. मालनला अक्षरओळख नव्हती. तिच्या आईचं पत्र आलं की ती पदर सावरून पुढ्यात बसायची आणि कोंडिबा सावकाश वाचायचा. आई जिथं हसली असेल तिथं तोही हसायचा.

पंच्याऐंशीच्या थंडीत पलटणीत तपासणी झाली. कोंडिबाच्या रक्तातली चरबी, कोलेस्टेरॉल, फार वाढलेली निघाली. "दुखत नाही म्हणून खोटं समजू नका," डॉक्टर म्हणाले. "नळात गाळ धरावा तशी आत धरते." मग हिंदीत लिहून दिलं: तूप, तळण, बिडी बंद; डाळ, पालेभाजी खा; रोज तासभर चाला.

"काय लिवलंय वं?" घरी मालननं विचारलं.

शेगडीवर बाजरीची भाकरी टम्म फुगली होती, शेजारी तुपाची बरणी. लहानपणी सात भावंडांत तूप सणालाच दिसायचं, तेही बोटभर. ही धार त्यानं राबून मिळवली होती. कोंडिबानं कागद डोळ्यांपुढं धरला. "अशक्तपणा आलाय म्हणत्यात. रोज दोन चमचे तूप."

"दोनच? डाक्टर लई चिंगूस दिसतोय," म्हणत मालननं चार वाढले.

वर्षभर ती वाढत राहिली. कुणासाठी एवढ्या मायेनं कुणी वाढलं नसेल.

पुढच्या थंडीत कवायतीच्या मैदानावर कोंडिबाच्या छातीत कळ आली आणि तो आडवा झाला. जीव वाचला. खाटेपाशी डॉक्टरांनी मालनला विचारलं, "बहनजी, सब लिखकर दिया था. घर में पढ़ता कौन है?"

मालननं मान खाली घातली. बोलायचं होतं ते कोंडिबानं. तो भिंतीकडं वळला.

घरी आल्यावर ट्रंकेतला तो कागद मालननं शेजारी राहणाऱ्या बँकेतल्या साहेबांच्या मुलीकडं, विभाकडं नेला. विभानं वाचला. मालन परत आली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, "माज्या हातानं वाढलं की वं मी." भांडली असती तर बरं झालं असतं.

आता घरात डाळ शिजते, मेथी निवडली जाते. पहाटे दोघं खातीपुरा स्टेशनापर्यंत चालत जातात. तो दमला की ती थांबते. बिडी सुटली. परवाच्या तपासणीत चरबी बरीच उतरली होती. ते मालनला आधी कळलं, विभाकडून.

काल दुपारी पोस्टमन आला. आईचं पत्र. कोंडिबानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, मांडी घालून बसला. मालननं पत्र घेतलं, चपला पायांत सरकवल्या.

"जरा विभाकडं जाऊन येते," ती म्हणाली. "डाळ उतू जाईल, बघा तेवढं."