शिव्या खायची तालीम

"आधी तोंडं बघा. अक्षरं कुठं पळून जात न्हाईत," असं म्हणून सर पानावरच्या मजकुरावर पंजा ठेवायचे. पुस्तक चित्रांचं. पोरं वाकून वाकून बघायची आणि खिचडी ढवळता ढवळता दारातून मीही.

मी त्या शाळेत खिचडी शिजवते. सोलापुरात. मागं यंत्रमागांची खडखड चालू असते, त्यामुळं आमच्याकडं सगळेच जरा ओरडून बोलतात. सर एकटेच हळू बोलायचे. माढ्याकडचे, अंगानं बारीक, शर्टाला कधी इस्त्री नाही. असा एखादा मास्तर तुम्हीही बघितला असेल, सुट्टीची घंटा झाली तरी ज्याच्या वर्गातली पोरं उठत नाहीत.

पुस्तक इंग्रजी, सर मराठीतून सांगायचे. अमेरिकेतल्या एका काळ्या माणसानं आपल्या तरुणपणाची हकिकत चित्रांतून सांगितलेली. तिथं काळ्या माणसांना हॉटेलात गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नव्हते. मग हा आणि त्याच्याबरोबरची कॉलेजातली पोरं मुद्दाम जाऊन बसायची. लोक थुंकायचे, डोक्यावर साखर ओतायचे, मारायचे. ही हात उचलत नव्हती, आणि उठतही नव्हती.

हेडबाई एकदा म्हणाल्या, "सर, धडा सोडून कॉमिक काय दाखवताय?"

"बघा की तुम्हीपण," म्हणून सरांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. बाई उभ्याउभ्या अर्धा तास पानं उलटत राहिल्या. चहा गार झाला.

त्या पुस्तकात एक गंमत होती. हॉटेलात जायच्या आधी ही पोरं आपसात तालीम करायची. एकानं शिव्या द्यायच्या, दुसऱ्यानं गप ऐकायच्या. सरांनी वर्गात तीच तालीम काढली. स्वतः बाकावर बसले. पण सरांना शिव्या देणार कोण? पोरं नुसती खिदळत बसली. मग हाक आली, "मावशी, या. तुम्ही द्या."

"सर, माझं तोंड लई वाईट हाय."

"म्हणून तर बोलावलंय."

मी पळीसकट गेले. "मुडद्या, पगार घेतोस अन् इस्त्रीला महाग? अंगावर मास न्हाय, बसतोस कुणाच्या जिवावर? पंखा लावला तर उडशील की!"

पोरं लोळायला लागली. सर चार वाक्यं गप बसले आणि पाचव्याला फिसकन हसले. "मी नापास," म्हणाले. "परत."

तीन दिवस चाललं हे. चौथ्या दिवशी सर म्हणाले, "आता हॉटेलवाली व्हा. म्हणा, ऊठ, तुला हितं चहा मिळणार न्हाय."

मी तोंड उघडलं आणि शब्दच येईना. माझ्या तोंडून शब्द येईना, म्हणजे बघा.

"हे मला न्हाय जमायचं, सर."

पोरांसमोर त्यांनी काही विचारलं नाही. नंतर स्वयंपाकखोलीत आले, तेव्हा मी सांगितलं. माझ्या माहेरच्या गावात हॉटेलात आमच्या जातीसाठी वेगळा कप असायचा, बाहेर खुंटीला टांगलेला. बापानं तो विसळायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, परत विसळून टांगायचा. मी लहान. बापाला विचारलं, "दादा, आपला कप भाईर का?" तर म्हणाला, "आत लई उकडतं त्याला."



आणि बघा, त्याच वर्षी नवीन आलेल्या एका पोरीचे आजोबा शाळेत आले. "आमची नात ह्या बाईच्या हातचं खाणार न्हाय." दुसऱ्या दिवशी पाच पोरींचे डबे आले. व्हरांड्यात वेगळी सतरंजी पडली. हेडबाई मला म्हणाल्या, "मावशी, हे वाढत गेलं तर मला दुसरी बाई बघावी लागेल हो." बाई वाईट नव्हत्या, भ्यायल्या होत्या. पण बारा वर्षं ज्या हातानं शिजवलं, त्याच हातामुळं आता माझं पातेलं जाणार होतं.

सरांनी भाषण केलं नाही. ताटलीत खिचडी घेतली आणि त्या सतरंजीवर जाऊन जेवायला बसले. तिखट त्यांना सोसत नव्हतं. नाक गळायला लागलं.

त्या आजोबांची नात म्हणाली, "सर, रडताय व्हय?"

"न्हाय गं, जेवतोय."

रोज हेच. पोरी हसायच्या आणि डबे खायच्या. आठवड्यानं एकीनं सरांच्या ताटलीत हळूच बोट बुडवून चाटलं.

घरी कळलंच. आजोबा दणादणा आले. "मास्तर, पोरी बाटवता व्हय?" आणि मग जे सुरू झाले, त्यापुढं माझ्या शिव्या म्हणजे ओव्या. शेवटी त्यांनी ताटलीला पाय मारला. खिचडी सरांच्या शर्टावर, चष्म्यावर. आठवीची पोरं ताडकन उठली. सरांनी नुसता हात खाली केला, पोरं बसली. माझी पळी मात्र वर गेली होती. ती मी कशी खाली आणली, माझं मला ठाऊक.

सरांनी चष्मा पुसला, ताटली सरळ केली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मावशी, अजून एक पळी."

मी पळीभर खिचडी वाढली. सर जेवायला लागले. आजोबा तसेच उभे. तेवढ्यात त्यांची नात डब्याचं झाकण लावून उठली आणि रिकामी ताटली घेऊन माझ्यापुढं आली.

"ए, चल घरी!" आजोबा ओरडले.

"जेवून येते की."

ते फाटकापाशी उन्हात थांबले. ती सावकाश जेवून गेली. पंधरा दिवसांत सतरंजी गुंडाळली गेली, आणि माझं पातेलं माझ्याकडं राहिलं.

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाला हार घातला, हेडबाईंचं भाषण सुरू झालं, आणि सर दिसेनात. मी मागं नळावर गेले तर सर तिथं, गळ्यात हार तसाच, बाह्या वर सारलेल्या, आणि खिचडीचं मोठं पातेलं घासत बसलेले.

"सर, ठेवा ते! लोक बघत्यात."

"बघू देत की. त्यासाठीच तर घासतोय."

ते एसटीनं गावी गेल्यावर बघितलं, तर तळाची खरवड जशीच्या तशी. घासायचं काही जमत नव्हतं त्यांना. हाराची दोन फुलं आत पडली होती, ती काढली. पातेलं परत भिजत घातलं आणि मी घासायला बसले. हसू येत होतं, आणि हात काही चालेना.