जबड्याचा पट्टा

खेरडीच्या एका तबेल्याला मी चारा पुरवत होतो. म्हशींचं दूध घटलं म्हणून मालकाने नाशिकहून एक माणूस बोलावला. ज्याचा राग येतो त्याचं नाव मी विचारत नाही, म्हणून याचंही विचारलं नाही.

त्याने एका म्हशीच्या तोंडाला चामडी पट्टा बांधला. पट्ट्याची तार एका पेटीत जात होती. म्हशीने जबडा हलवला की पेटीतली सुई कागदावर रेघ ओढायची. तो तिथेच स्टूल टाकून बसला. सुईकडे बघताना त्याचाही जबडा रिकामाच हलायचा. म्हैस थांबली की तो थांबायचा.

दुपारी त्याने मालकाला सांगितलं, “कडब्याची ही कुट्टी फार बारीक कापलेली आहे. म्हैस नुसती गिळते, रवंथ करत नाही.”

कडबा माझा, कुट्टीचं मशीन माझं. मी भडकलो. “एवढी वर्षं चारा विकतोय मी! तू पट्टा बांधून मला शिकवणार?”

नवा कागद लावत तो शांतपणे म्हणाला, “शेठ, हा पट्टा तुम्हाला बांधला तर कागद पुरायचा नाही.”

सगळे हसले. मालक म्हणाला, “मग भाव पण जरा बारीक करा, भाई!” गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी भाव उतरवला. पुढे कुट्टी जाड केली, दूध वाढलं, पण भाव काही वाढला नाही. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मात्र आजही सिल्वासाच्या बाजारात खरेदी करताना माझा आवाज चढला, की माझा हात आपोआप हनुवटीखाली जातो आणि मी गप्प होतो. समोरच्याला वाटतं, मी उठून जाणार. मग तोच भाव उतरवतो.