चिमुकल्या देशाचा पैलवान आणि माझा पाहुणचार

आधी चहा घ्या, आणि हसायचं नाही असं कबूल करा. कारण मी जो घोळ घातलाय तो साधासुधा नाही, चांगला आंतरराष्ट्रीय आहे! लोक भांडतात सोसायटीत, फार तर ऑफिसात. मी भांडता भांडता एका अख्ख्या देशाची कुस्ती धोक्यात आणली. आणि तीही त्याच देशाच्या बाजूने भांडताना!

दोन हजार अठरा साल. आम्ही डब्लिनला, ब्लँचर्डस्टाउनमध्ये राहायला येऊन चारेक वर्षं झाली होती. घराजवळच्या मोठ्या हॉलमध्ये कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होत्या आणि त्यांना स्वयंसेवक हवे होते. प्रत्येक देशाच्या चमूबरोबर एक माणूस. त्यांना बस दाखवायची, जेवणाची खोली दाखवायची, हरवले तर शोधून आणायचे. माझे वडील, आबा, तेव्हा कोल्हापूरकडून आमच्याकडे राहायला आले होते. तरुणपणी तालमीत अंग मळवलेला माणूस. ते म्हणाले, "पोरी, नाव घाल की. कुस्ती फुकटात बघाय मिळंल."

घातलं. मला वाटलं, एखादा तगडा देश मिळेल. इराण नाहीतर तुर्कस्तान. मिळाला कोणता? नाव नाही सांगणार. पॅसिफिक महासागरातला देश, पण इतका चिमुकला की नुसतं देशाचं नाव घेतलं तरी पैलवान कोण ते लगेच कळायचं. चमूत माणसं दोन. एक पैलवान, एक कोच. कोचच मॅनेजर, कोचच मालिशवाला. संपला चमू.

पैलवानाला आपण सिमो म्हणू. विशीतला पोरगा, शिडशिडीत, आणि डोक्यावर हा एवढा केसांचा भारा, वर अंबाडा बांधलेला. इंग्रजी येत होतं, पण स्वभाव असा लाजरा की तो एक वाक्य सुरू करेपर्यंत माझी चार बोलून व्हायची. आता यात माझी काय चूक?

पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. सगळ्या देशांना ऐसपैस खोल्या, आणि या दोघांना कुठली? जिन्याखालची, जिथे झाडू-पोछ्याचं कपाट असतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी स्वयंसेवकांच्या प्रमुखाला, डेक्लनला गाठलं. निवृत्त शाळामास्तर, गरीब माणूस. म्हटलं, "देश लहान म्हणून प्रेसमध्ये ठेवता?"

"वैशाली, दे आर ग्रँड देअर," तो म्हणाला.

बघा! या देशात सगळं ग्रँडच असतं, म्हणजे एकदम ठीक. पाऊस पडला, ग्रँड. बस चुकली, ग्रँड. मी म्हटलं, आणि झेंडा? त्यांचा झेंडा तुम्ही उलटा लावलाय, तोही ग्रँडच का? मी स्वतः शिडी मागवली आणि भर हॉलमध्ये झेंडा सुलटा करून घेतला. टाळ्या वाजल्या. थोड्या वेळाने कोच हळूच शिडीवर चढला आणि त्याने तो परत फिरवला. आधी बरोबर होता म्हणे.

इथेच मी शहाणी व्हायला हवं होतं. पण शहाणपण असं झेंड्यावरून येत असतं तर काय हवं होतं!

सिमोच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या खोलीत गेले आणि बघते तर काय, हा एका कोपऱ्यात बसलाय. पुढ्यात लेट्यूसची दोन पानं आणि अर्धं उकडलेलं अंडं. पाणीसुद्धा तीर्थासारखं पळीपळीने पितोय. आणि शेजारच्या टेबलावर? एका मोठ्या देशाचे दोन आडदांड पैलवान, पास्ता काय, चिकन काय, थाळ्यांवर थाळ्या! माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं. पाण्यामागोमाग राग आला. माझा राग कधी फार मागे राहत नाही.

"डेक्लन! हा पोरगा उपाशी आहे!"

"अगं हो, पण त्याचं..."

"पण नाही नि बिण नाही! देश लहान म्हणून ताटही लहान?"

"वैशाली, जरा ऐकतेस का? उद्या सकाळी त्याचं..."

"उद्याचं उद्या! आज तो काय खाणार? आणि तुम्ही आयरिश लोक! तुमच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो माणसं भुकेने मेली, आणि उपासमार म्हणजे काय, हे आता तुम्हाला एका भारतीय बाईने समजवायचं?"

 पास्ता खाणाऱ्या आडदांडाचा काटा हवेतच राहिला. डेक्लनचा चेहरा असा झाला की मला माझंच वाक्य गिळावंसं वाटलं. पण बोललेलं गिळायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. मी सिमोचा हात धरला. म्हटलं, "चल बाळा, घरी चल."

"कोच..." सिमो म्हणाला.

"कोच संध्याकाळपर्यंत मीटिंगमध्ये आहे. त्याला मी कळवते." आणि कळवलंही हो! मेसेज केला, सिमो माझ्याकडे आहे, अजिबात काळजी करू नका, आणि खाली घरचा पत्ता.

घरी आबा वाटच बघत होते. मी दारातूनच सगळं सांगितलं. म्हातारा पेटला ना!

"पैलवानाला पाल्यावर ठेवलंय व्हय? शेरडू हाय का त्यो? खुराक न्हाई तर कुस्ती हुणार कशी? काढ मटन!"

मटण फ्रीजमध्ये होतंच. तांबडा रस्सा झाला, पांढरा रस्सा झाला. भाकरीचं पीठ आबांनी गावाहून आणलं होतं. आबांनी स्वतः बदाम वाटून दूध आटवायला ठेवलं. नवरा त्या आठवड्यात पुण्याला गेला होता, नाहीतर त्याने नक्की विचारलं असतं, "अगं, त्या पोराला एकदा विचारलंस का?" बरं झालं नव्हता, असं मला तेव्हा वाटलं.

सिमो ताटाकडे बघतच राहिला. म्हणाला, "नो, थँक यू."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा पहिल्या फटक्यात हो म्हणतो का? पहिलं 'नको' म्हणजे संकोच. दुसरं 'नको' म्हणजे वास आवडला. तिसरं 'नको' म्हणजे वाढा आता. तो तीनदा म्हणाला. मी वाढलं.

माझी दहा वर्षांची लेक, आर्या, शेजारीच बसली होती. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या इंग्रजीतच देणार, आईलाही इथल्यासारखं 'मॅम' म्हणणार. ती म्हणाली, "मॅम, ही सेड नो. लाइक, थ्री टाइम्स."

"तुला काय कळतंय? पाहुणा आहे तो."

आणि मग आबांनी स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून त्याच्या ताटात ठेवला. सिमोने आबांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, मान खाली घातली आणि खायला लागला. एकदा लागला म्हणजे काय लागला! मी वाढायची, तो संपवायचा. आबा वाढायचे, तो संपवायचा. भाकरी, रस्सा, भात, परत पांढरा रस्सा, शेवटी तांब्याभर बदामाचं दूध. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, पोराला आईची आठवण आली. आबांना वाटलं, तिखट लागलं.

तेवढ्यात कोच आला. दारात उभं राहून त्याने ताट बघितलं, पातेलं बघितलं, तांब्या बघितला. आणि तो तिथेच जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

"त्याचं उद्या सकाळी वजन आहे," तो अगदी हळू म्हणाला. "सत्तावन्न किलोचा गट. वर गेला तर स्पर्धेतून बाहेर. गेले दोन आठवडे तो पाण्याचा घोटसुद्धा मोजून घेतोय."

मी सिमोकडे वळले. म्हटलं, "मग तू बोलला का नाहीस रे?"

सिमोऐवजी कोचनेच सांगितलं. त्यांच्या बेटावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने वाढलं तर ते टाकत नाहीत. टाकलं तर त्या घराशी कायमचं फिस्कटलं. म्हणजे बघा, आमच्यात नको म्हटलं तरी वाढायचं, आणि त्यांच्यात वाढलं की खायचंच. असे दोन देश समोरासमोर आले की काय होणार?

"ह्ये वजनाचं आमाला काय म्हाईत?" आबा बिचारे कानकोंडे झाले. "आमच्या टायमाला जोड डोळ्यानं लावायचे."

सिमोच्या बेटावरून कुस्ती खेळायला बाहेर पडलेला हा पहिला पोरगा. त्याच्या गावात चर्चच्या आवारात माणसं फोनभोवती गोळा होऊन निकाल ऐकणार होती. आणि निकाल काय ऐकू येणार? डब्लिनच्या एका बाईने मटण वाढलं!

कोचने काळ्या कचऱ्याच्या पिशव्या मागितल्या. त्यांना भोकं पाडून सिमोला घातल्या, वर नवऱ्याचे दोन स्वेटर. घाम काढायचा म्हणून त्याला शॉपिंग सेंटरच्या पार्किंगभोवती पळवला. मागे मी गाडीतून, हीटर लावून. तो पळून थकला की गाडीत बसवून घाम, मग परत पळ. पिशव्या घातलेला माणूस पळतोय आणि मागे हळूहळू एक गाडी, हे बघून एका आजीबाईंनी मला थांबवून विचारलं, "त्याला काही मदत हवी आहे का?" मी कोणाकोणाला सांगू!

सकाळी आम्ही सगळेच हॉलमध्ये. वजनकाट्याशी पंच, एक माइकवाला, स्थानिक पेपरचा फोटोग्राफर आणि डेक्लन. सिमो काट्यावर चढला. आकडा थांबला. सत्तावन्नच्या थोडासाच वर. किती? वाटीभर पांढऱ्या रश्शाएवढा. आणि ती वाटी कोणी वाढली होती, ते मला पक्कं ठाऊक होतं.

सिमो नुसता खाली उतरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची ती पाठ बघितली आणि माझं काळीज तुटलं. आता माणसाने अशा वेळी काय करावं? माफी मागावी. मी काय केलं? मी चिडले!

"काटा खोटा आहे!"

पंच म्हणाले, "मॅडम, काटा आजच तपासलाय."

"मोठ्या देशांसाठी तपासला असेल! लहान देशाचं पोरगं चढलं की बरा आकडा वाढतो! माझं वजन मला माहीत आहे. बासष्ट. मी चढते, बघा काय दाखवतोय तुमचा काटा!"

"वैशाली, नको गं," डेक्लन कळवळून म्हणाला. मी ऐकते होय? त्या छोट्याशा झेंड्याखाली मी बूट काढून काट्यावर चढले, आणि पंचांकडे बोट रोखून उभी राहिले. फोटोग्राफरने लखकन फ्लॅश मारला. माइकवाला बिचारा सवयीने आकडा वाचून मोकळा झाला. भर हॉलमध्ये, लाउडस्पीकरवर.

एकाहत्तर.

 आणि मागून माझ्या लेकीचा आवाज, "मॅम, द स्केल इज ग्रँड."

मी तरी हटले नाही. उतरून परत चढले. पाकीट काढून ठेवलं, मंगळसूत्र काढून ठेवलं. एकाहत्तरच! हा तमाशा चालू असताना तिकडे कोपऱ्यात आबा काय करत होते? वजनाची वेळ संपेपर्यंत पैलवानाला पुन्हा चढता येतं, हे कोचने त्यांना खुणेने सांगितलं होतं. आबांनी प्रथमोपचाराच्या टेबलावरची कात्री उचलली, सिमोला खाली बसवला आणि तो अंबाडा, तो सगळा केसांचा भारा, साफ उतरवला. तालमीत पोरांची डोकी भादरलेला हात तो!

सिमो परत चढला. सत्तावन्न. बरोब्बर सत्तावन्न!

कोचने आबांना उचललं. मी डेक्लनला मिठी मारली आणि रडत रडत त्याची माफी मागितली, उपासमारीचीसुद्धा. तो म्हणाला, "शुअर, यू आर ग्रँड." या वेळी मी वाद घातला नाही.

सिमोने पहिली कुस्ती मारली. अहो, खरंच मारली! आबा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "धर पट! धर पट काढ!" आणि त्या पोराला एक अक्षर न कळता त्याने पटच काढला, समोरच्याचा पाय ओढून त्याला आडवा केला. दुसऱ्या कुस्तीत हरला, पण तोवर तिकडे चर्चच्या आवारात घंटा वाजवून झाली होती. आबा म्हणाले, "खुराकाचा गुण." मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इथे किस्सा संपला असता तर मी तुम्हाला एवढा चिडून कशाला सांगितला असता?

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो. सिमोचा? छे! काट्यावर चढलेली मी, बोट रोखलेलं, मागे तो झेंडा. खाली लिहिलेलं, चिमुकल्या देशाची जिद्दी पैलवान, महिला गट बहात्तर किलो. मी पेपरच्या ऑफिसात फोन करून तासभर भांडले. त्यांनी दुरुस्ती छापली, पण ती वाचली कोणी? आर्याने फोटो तोवर पुण्याला बापाला पाठवला होता. नवऱ्याचं उत्तर आलं, एकच शब्द: "बासष्ट?"

आणि मग काही महिन्यांनी पॅसिफिकवरून एक पाकीट आलं. आत सिमोचा फोटो, डोक्यावर परत केस आलेले. आबांसाठी एक विणलेली टोपी. आणि माझ्यासाठी त्यांच्या राष्ट्रीय संघाची जर्सी, पाठीवर माझं नाव. तिकडेही तो फोटो पोचला होता, आणि जर्सीचं माप त्यांनी त्याच्याखालच्या आकड्यावरून ठरवलं होतं!

मी चिडले हो, भयंकर चिडले. एवढी मोठी? मला? माणसाला काही अंदाज असतो की नाही? आता याच जर्सीचा फोटो काढून त्यांना पाठवते, बघा म्हणावं किती ढगळ झालीय, असं म्हणत मी तावातावाने ती अंगात घातली.

अगदी मापात बसली.