हे कोणी बोललं का?

आमच्या दैनिकाच्या कचेरीतली जुन्या अंकांची रद्दी दर महिन्याला उचलली जायची. किस्से तेवढे साचत गेले. वीस वर्षं नागपुरात बातम्यांसाठी चपला मी झिजवल्या आणि किस्से सगळे मधुकर प्रूफरीडरचे. आहे का न्याय?

*

मधुकरला स्किझोफ्रेनिया होता. कानात आवाज यायचे. गोळ्यांनी ते थांबले, पण हात थरथरू लागला. एकदा माझ्या बातमीतला एक शब्द त्यानं खोडला. रेघ अशी घसरली की कंपोझिटरनं अख्खा परिच्छेदच काढून टाकला. नेमका माझा चांगला परिच्छेद!

मॅनेजर म्हणाले, "महिन्याभरात हात नाही थांबला, तर त्याले घरी पाठवा लागते."

*

डॉक्टर म्हणाले, "गोळी बदलू. हात थांबेल, पण एखादा आवाज परत येऊ शकतो."

"हात द्या डॉक्टर," मधुकर म्हणाला. "आवाजाचं मी पाहून घेतो."

जुनी गोळी कमी करत नवी सुरू झाली. हात थांबला. आधी न खाता परत जाणारा जेवणाचा डबा आता रिकामा जाऊ लागला. पठ्ठ्या तर्री-पोहे मागवून वर शीळ घालू लागला. माझा डॉक्टर मात्र ॲसिडिटीवर दहा वर्षं एकच गोळी देत होता.

*

एक आवाज परत आलाच. मधुकरनं रीत पाडली: शंका आली की शेजारच्याला विचारायचं, "हे कोणी बोललं का?" उत्तर खरं तेच द्यायचं, अशी संपादकांची सगळ्यांना ताकीद होती.

एकदा खुद्द संपादक त्याला दहा मिनिटं झापत होते. मधुकरनं शांतपणे सगळं ऐकलं आणि माझ्याकडे वळला. "भाऊ, हे कोणी बोललं का?"

संपादक हसत सुटले. मी इतक्यांदा बोलणी खाल्ली, माझ्या वेळी कधी हसले नाहीत.

*

मोर्चाच्या बातमीत मी लिहिलं, 'जाणकारांच्या मते सरकार हादरले आहे.' प्रूफ परत आलं. समासात सरळ, स्थिर अक्षरात लिहिलेलं: 'हे कोणी बोललं का?'

कंपोझिटर दोन दिवस मला 'जाणकार' म्हणत होते.

*

मग मुख्य प्रूफरीडर निवृत्त झाले. त्या जागेसाठी माझ्या मेहुण्याचा अर्ज मी आधीच देऊन ठेवला होता. दुपारी संपादकांनी दारातून डोकं आत घातलं. "मधुकर, सोमवारपासून मुख्य प्रूफरीडर तू." दार बंद. खोलीत आम्ही दोघंच.

मधुकरचं पेन थांबलं. "भाऊ, आता कोणी बोललं का?"

"नाही गा," मी म्हणालो. "कोणीच नाही बोललं."

त्यानं मान हलवली. पुढचं प्रूफ ओढलं. मग माझ्याकडे पाहत राहिला.

"मंग तुमचं तोंड काहून उतरलं, भाऊ?"