दिवाडीचा चढ

त्या जुलैत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि चाकणच्या कंपनीतून मला चांगली लांब रजा मिळाली. संत तुकाराम नगरच्या घरात आई आणि मी, दोघीच. फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत मी एरवी कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी बघायचे. या वेळी टीव्हीवर लावून पहिल्यापासून बघायला बसले.

आई मेथी निवडत शेजारी टेकली.

"हे काय बघायलीस?" लातूर सोडून तिला चाळीस वर्षं झाली, पण बोली तिथलीच आहे.

"सायकलची शर्यत."

"कधी संपती?"

"आजची तासाभरात. सगळी संपायला तीन आठवडे."

तिचा हात थांबला. "तीन आठवडे नुस्ती सायकलच चालवतेत?"

माझे वडील आकुर्डीच्या कारखान्यात सायकलने जायचे. सुट्टीच्या दिवशी आई मागे कॅरिअरवर बसून त्यांच्याबरोबर बाजारात जायची. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. सायकल म्हणजे कामावर जायचं साधन, एवढंच तिला ठाऊक. सायकलवर बसून कुणी डोंगर चढतं, त्याचा पगार घेतं, आणि लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून त्यांची वाट बघतात, हे तिला पहिल्या दिवशी काही पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून येऊन बसली. एक सायकलपटू मागे संघाच्या गाडीपाशी गेला, जर्सीत पाठीपोटाशी पाण्याच्या बाटल्या कोंबून पुन्हा पुढे आला आणि आपल्या संघातल्या सगळ्यांना वाटायला लागला.

"ह्यो पाणी वाहायलाय, आन नंबर दुसऱ्याचा?"

"त्याचं कामच ते आहे. आपला माणूस जिंकावा म्हणून राबायचं."

"मग ह्याचं नाव कोण घेतं?"

"त्याच्या संघातले घेतात."

तेव्हापासून तो तिचा माणूस झाला. जिंकणाऱ्याकडे तिचं लक्षच नसायचं. डोंगराच्या दिवशी पहिला आला, त्याला फुलं देऊन झाली, मी रिमोट उचलला की ती म्हणायची, "थांब की. आपला कुठं आलाय अजून?" मग शेवटच्या घोळक्यात, मान खाली घालून, ठरलेली वेळ संपायच्या आत तो रेषा ओलांडायचा, तेव्हा कुठे ती कुकर लावायला उठायची.

शर्यत संपली त्या संध्याकाळी तिने मला सांगितलं, "मला सायकल शिकीव."

"आई, साठी उलटली तुझी. गुडघे दुखतात."

"गुडघे माझे हायेत. तू सायकल धर."

मी बरी होऊन पुन्हा कामावर जायला लागले, तेव्हा आम्ही सुरुवात केली. रविवारी सकाळी मी एरवी चाकणच्या बाजूला सायकल मारायला जायचे, रस्त्यावर कंटेनर वाढायच्या आत परत यायचे. ते बंद केलं. एक जुनी, बुटकी लेडीज सायकल मिळवली, सीट अगदी खाली घेतली आणि दोन्ही पायडल काढून टाकली. दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलायची, तोल सापडेपर्यंत एवढंच. आईने आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. कॉलनीच्या मैदानात चालायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या. एकीने विचारलंच, "काकू, या वयात कशाला?"

"मग कोणत्या वयात?" आई म्हणाली आणि पुढे गेली.

तोल जमायला लागला होता, तेवढ्यात ती पडली. कुत्रं आडवं आलं, तिने हँडल वळवलं आणि डावा हात टेकला तो मनगटातच मोडला. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी तिला चांगलं झापलं. आम्ही रिक्षाने निघालो. माझ्या मनाने हा विषय तिथेच संपवला होता. घराजवळ आल्यावर तिने विचारलं, "ते पडतेत तवा काय करतेत गं?"

"हाड मोडलं तर घरी जातात."

"आन मग?"

"मग बरे होऊन परत येतात."

प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून तिने स्पेनमधली तसलीच तीन आठवड्यांची शर्यत शेवटपर्यंत बघितली. प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि दिवाळीचा फराळ उरकल्यावर ती म्हणाली, "आता पायडल लाव."

पायडल लावल्यावर तिला सायकल यायला फार दिवस लागले नाहीत. मी सीटला धरून पळत होते, ती ओरडली, "सोड!" मी सोडलं. मैदानाच्या टोकापर्यंत ती सरळ गेली. वळता येत नव्हतं, म्हणून उतरली, सायकल फिरवली आणि परत आली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

जानेवारीत आमच्याच शहरातून परदेशी सायकलपटूंची शर्यत गेली. रस्ते बंद होते. आई सकाळपासून कठड्याला धरून उभी. पोलिसांच्या गाड्या गेल्या, मग एकदम वारा आल्यासारखा आवाज, रंग, चेनची घरघर, आणि संपलं. रस्ता पुन्हा मोकळा.

"गेले?" आई म्हणाली.

"गेले."

ती हसतच सुटली. "एवढ्यासाठी दोन घंटे उभी ऱ्हायले व्हय मी!" पण हटली नाही. सगळ्यात मागे पडलेला एकटा पोरगा आला, तेव्हा त्याला तिने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्याने मान वळवून बघितलं.

तोवर ती वळायलाही शिकली होती, म्हणून फेब्रुवारीत मी तिला गोव्याला, दिवाडी बेटावर घेऊन गेले. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने नदी ओलांडली की बेट. बेटावर मुक्कामाच्या घरीच भाड्याने सायकली मिळाल्या. घाई कसलीच नव्हती. दोन्हीकडे शेतं, पाण्यात उभे बगळे, मधूनच एखादी स्कूटर. आई पुढे, मी मागे. वाटेल तिथे उतरायचं, शहाळं प्यायचं, पुन्हा निघायचं. ती गुणगुणत होती. वडील गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मग टेकडी आली. वर पांढरं चर्च आहे आणि रस्ता वळत वळत तिकडे चढतो.

"इथून परत फिरू," मी म्हटलं.

"ह्यो घाट हाय ना?"

"छोटा आहे. पण तुला..."

ती निघालीसुद्धा. पहिल्या वळणाच्या अलीकडेच पाय टेकले. चढावर पुन्हा सुरुवात करता येईना, म्हणून सायकल ढकलत खाली सपाटीवर आली आणि पुन्हा निघाली. या वेळी वळण पार झालं. पुन्हा थांबली, पुन्हा खाली आली. तिचा चेहरा लाल झाला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू बोलू नको फक्त."

तिसऱ्यांदा ती बरीच वर गेली. चर्चचा कळस झाडांवरून दिसायला लागला, आणि तिथे पाय संपले. ती उतरली, हँडलवर वाकून श्वास घेत राहिली.

"शर्यतीत चालत गेलं तर बाद करतेत?"

"नाही. चालत रेषा ओलांडली तरी चालते. सायकल मात्र सोबत लागते."

"मग झालं तर."

ती सायकल ढकलत निघाली. मीही उतरले आणि तिच्या मागे चालू लागले. वर पोचल्यावर तिने सायकल भिंतीला टेकवली, कट्ट्यावर बसली आणि खालच्या नदीकडे, शेतांकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रडेल. तिने घरून आणलेल्या दशम्यांचे चुरगळलेले तुकडे पिशवीतून काढले, अर्धे मला दिले.

"पुढल्या वर्षी पायडलवर येईन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचे पाय इतके आखडले की खोलीच्या पायऱ्या ती भिंतीला धरून, तिरकी होऊन उतरली. मी म्हटलं, आज नुसतं फेरीबोटीत बसून फिरू या.

"फिरू की," ती म्हणाली, "पण सायकली घे संगं."