अफूवाले डॉक्टर

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से नसतात, असा एक समज आहे. आणि तो बरोबरच आहे. आमचा पेशंट आल्या आल्या झोपतो आणि जागा झाला की सर्जनचे पाय धरतो. आम्ही मागे उभे! पण अमरावतीत मी दुपारची 'वेदना ओपीडी' सुरू केली आणि जन्मात पहिल्यांदा मला जागे पेशंट मिळाले. तेव्हापासून घरी जेवताना माझं तोंड बंद होत नाही, अशी बायकोची तक्रार आहे.

*

ओपीडी उघडली त्याच आठवड्यात वलगावहून एक गृहस्थ आले. सासऱ्यांची कंबर दुखत होती म्हणे.

"घेऊन या त्यांना, बघू," मी म्हणालो.

"आणतो ना. पण तुमी बेहोश करणारेच डॉक्टर ना?"

"हो, पण इथे मी..."

"मंग असं करा, पोरीचं लगन होईस्तोवर त्यायले बेहोशच ठेवा. लय भांडतात!"

आमच्या वनिता सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. बाहेर माझ्या पदव्यांचा हातभर लांब बोर्ड होता. तो वाचून कोणी आत येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

*

तायडे गुरुजी अचलपूरचे. रिटायर्ड हेडमास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, आत आले की आधी "जय भीम". कॅन्सर मणक्यात उतरला होता. पाठ टेकवत नव्हती, म्हणून हा माणूस सगळी रात्र खुर्चीत बसून काढायचा. मी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या.

"हे अफूचंच ना?"

"अफूच्याच घराण्यातलं आहे, पण औषध म्हणून..."

"माह्या बापानं दीक्षा घेतली तवा दारू सोडली. मी आजवर सुपारी नाई खाल्ली. अन् तुमी मले अफू देऊन राहिले?"

मी लेक्चर दिलं. शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं गुरुजींनी ते ऐकून घेतलं. पण गोळी सुरू केली. पुढच्या खेपेला आले तर चेहराच वेगळा!

"झोपलो डॉक्टरसाहेब! पाठ टेकून झोपलो!"

मी टम्म फुगलो.

"फक्त तवापासून संडासले नाई झाली."

या गोळ्यांसोबत पोट साफ व्हायचं औषध द्यायचंच असतं, हे एमबीबीएसच्या पोरांनाही ठाऊक असतं. माझ्या लेक्चरमध्ये अफूचा पूर्ण इतिहास होता, तेवढं एक औषध राहिलं होतं!

*

मग कोरोना आला. ऑपरेशनं बंद, मी रिकामा, आणि रिकाम्या डॉक्टरच्या हातात मोबाइल. आमच्या बॅचच्या ग्रुपवर प्रत्येकाची एकेक थिअरी होती, माझीच का नसावी? मी लांबलचक पोस्ट टाकली. अफूच्या घराण्यातलं कोडीन खोकला दाबतं. मॉर्फिनच्या लहान डोसनं कॅन्सरच्या पेशंटची धाप कमी वाटते. या घराण्यातली औषधं अंगदुखीवर चालतात, जुलाबही थांबवतात. म्हणजे कोरोनाच्या सगळ्या लक्षणांवर एकच घराणं! कोणी यावर विचार का करत नाही?

अकोल्याचा नितीन कोविड वॉर्डात ड्युटीवर होता. त्याने पीपीई किट उतरवल्यावर पहिलं काम मला उत्तर द्यायचं केलं.

"बरोबर आहे बे. जास्त झालं तर हे औषध श्वासही थांबवते. मग एकही लक्षण उरणार नाही!"

पोस्ट मी डिलीट केली. पण तोवर ती ग्रुपची वेस ओलांडून गेली होती.

*

पुढच्या आठवड्यात ती फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर आली. माझं नाव गळालेलं, वर लिहिलेलं, 'अमेरिकेतील मोठ्या डॉक्टरांचे संशोधन'. पाठवणाऱ्या, माझ्या सासूबाई! खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, "बघा जावईबापू, तिकडचे लोक केवढं डोकं चालवून राहिले. तुम्ही घरी बसून काय करता?"

ते मीच लिहिलंय आणि ते चूक आहे, असं कळवलं. त्यांनी दोन्हीवर विश्वास ठेवला नाही.

*

लॉकडाऊनमध्ये गुरुजींच्या गोळ्या संपत आल्या. एसटी बंद. गोळ्या चुकल्या तर गुरुजी पुन्हा खुर्चीत, म्हणून मीच गाडी काढली. नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"बॅगीत काय हाय?"

"मॉर्फिन," मी बाणेदारपणे म्हणालो.

सगळे कागद, ओळखपत्र, लायसन्स दाखवूनही मला बाजूला उभं केलं. मी चिडलो, "अहो, मी खरं सांगतोय ना!"

"तेच तं," हवालदार म्हणाला. "गांजावाला बी झाडपाला म्हणून सांगते. खरं सांगणारे तुमी पयलेच भेटले. शंका नाई येणार तं काय!"

साहेब येईपर्यंत मी उन्हात उभा. गोळ्या पोचल्या एकदाच्या.

*

आणि मग मलाच झाला! ताप, खोकला, अंगाचा चुराडा. आयुष्यभर पेशंटला विचारत आलो, "दुखणं दहापैकी किती?" वनिता सिस्टरांनी फोनवर तेच विचारलं.

"बारा!" मी ओरडलो.

"सर, दहाच्या वर नसते. तुमीच शिकवलं."

पुढे ऑक्सिजन लागला. तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो होतो. नाकात नळी, छाती भात्यासारखी, आणि थिअरी एकही आठवत नव्हती.

*

दवाखान्यातून घरी आलो, तरी खाटेवरून दारापर्यंत गेलो की धाप लागायची. अशात एका सकाळी गुरुजींची मुलगी वर्षा अचलपूरहून स्कूटीवर आली. पास काढून, एवढ्या दुरून! फाटकाबाहेरच उभी राहिली, भिंतीवर एक डबा ठेवला.

"बाबांनी पाठवला. तुमच्याच हाती द्यायले सांगितलं."

"गुरुजी कसे आहेत?"

"काय मालूम सर. गोळ्या असून रात्रभर खुर्चीतच बसून रायतात. विचारलं तं सांगत नाईत."

डबा उघडला. आत कापसावर मॉर्फिनच्या गोळ्या नीट मांडून ठेवलेल्या. मी तिथेच पायरीवर बसून गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, या गोळ्या कशाला?"

"तो अमेरिकेचा मेसेज आला होता ना, धापेले बरं पडते म्हणून. नाव नव्हतं, पण लिहिणं तुमचंच. मी ओळखलं. तुमाले ऑक्सिजन लागला समजलं, तवापासून रातच्या गोळ्या बाजूले काढून राहिलो."

"अहो, ते सगळं चूक होतं! आणि तुमची पाठ?"

"दुखते ना. पण पाठ दुखून माणूस मरत नाई, डॉक्टरसाहेब. श्वासाचं तसं नसते."

"गुरुजी, आज रात्रीपासून गोळी..." एवढंच मी म्हणालो. पुढे नुसता माझा श्वास त्यांना ऐकू जात असावा.

"बस, आता बोलू नका," गुरुजी म्हणाले. "दम लागून राहिला तुमाले. ठेवतो मी."