भावाच्या गाडीची सीट

धुळ्याच्या ज्या ट्रान्सपोर्टमध्ये मी खरेदीचं काम पाहतो, तिथे मला मोठ्या भावाने चिकटवलं. तो आधीपासून तिथे ड्रायव्हर होता. शेठना त्याने एवढंच सांगितलं, "धाकला जास्त बोलस नही, पण वस्तू पारखी घेस." शेठ मूळचे राजस्थानचे, तरी आमची अहिराणी त्यांना चांगली कळते. डिझेल, टायर, ऑइल, बॅटऱ्या, ताडपत्र्या अशी सगळी खरेदी त्यांनी माझ्याकडे दिली. कुठल्या गाडीने कोणत्या पंपावर टाकी भरायची आणि नवीन आलेली वस्तू आधी कुणाला मिळणार, हे मी ठरवू लागलो.

पहिल्याच आठवड्यात यार्डात चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. मी जवळून चाललो तेव्हा त्यांतला एक हसत म्हणाला, "आता काय, भावाच्या गाडीला सगळं नवं कोरं!" बाकीचेही हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मात्र ते फार लावून घेतलं. आपल्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये, असं मी ठरवलं, आणि त्याची किंमत भावाच्या गाडीने मोजली. नवे टायर आले की ते दुसऱ्यांना, त्याला रिमोल्ड केलेले. नवी ताडपत्री दुसऱ्याला, त्याला ठिगळं लावलेली. तो कधी बोलला नाही. उलट माझ्याबद्दल कुणी कुरकुर केली, तर म्हणायचा, "तो बराबर करस. बठ्ठास्ले सारखंच देस."

त्याची गाडी बहुतेक वेळा केळी घेऊन दिल्लीला जायची. केळीच्या गाडीला वाटेत रेंगाळून चालत नाही, माल काळा पडतो. जेवणापुरतं उतरायचं, पुन्हा बसायचं. एकदा परत आल्यावर तो माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. आत तो सहसा येत नसे. लोकांना वाटेल, भाऊ भावाकडे काही मागायला गेला.

"सीट पार बसी गई," तो म्हणाला. "जमनं तं बदली दे. कंबर भलती दुखस."

मी तेव्हा पंपवाल्याशी फोनवर बोलत होतो. फोनवर हात ठेवून म्हणालो, "पुढला लॉटमा पाहू, भाऊ."

"बरं," म्हणाला आणि गेला.

पुढच्या खेपेला पाच सीटा आल्या. यादीत त्याच्या गाडीचा नंबर मीच लिहिला होता. पण त्या दुपारी, मागे 'नवं कोरं' म्हणून हसलेला तोच ड्रायव्हर सीट मागायला आला, आणि मी भावाचा नंबर खोडून त्याचा लिहिला. असं करताना मला चक्क बरं वाटलं होतं, हे आज लिहायलाही लाज वाटते. त्यानंतर बऱ्याच गाड्यांच्या बॅटऱ्या एकदम गेल्या, त्या घेण्यात सीटांचा विषय मागे पडला. भावाने पुन्हा विचारलं नाही. विचारत नाही म्हणजे चालतंय, अशी मी माझी समजूत घातली.

मागच्या वर्षी एका दुपारी जळगावहून फोन आला. केळीच्या लोडिंगवरचा माणूस बोलत होता. "तुमचे भाऊ गाडीतून उतरत नाहीत. हात लावला की ओरडतात. तुम्ही या."

मी ऑफिसची जीप काढली. पोहोचलो तेव्हा केळी भरून झाली होती आणि भाऊ स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून तसाच बसलेला होता. शर्ट घामाने भिजला होता. मला पाहून म्हणाला, "उना तू? पायमा जीवच नही रे."

त्याच्या खाली वहिनीने शिवलेली गोधडी होती, चार पदरी घडी घातलेली. तीच गोधडी उलगडून आम्ही चौघांनी त्याला झोळीसारखं खाली घेतलं. एवढा धिप्पाड माणूस, उतरवताना त्याचे दात करकर वाजले.

त्याचे कागद आणि पिशवी घ्यायला मी वर चढलो. इतकी वर्षं त्या गाडीसाठी खरेदी केली, पण त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. बसलो, तर फोम नावालासुद्धा उरला नव्हता. माकडहाडाला सरळ लोखंडी दांडी टेकली. मला दोन मिनिटंही बसवलं नाही.

जळगावातच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस फार दिवस दबलेली होती, लवकर आणायला हवं होतं. चालतील, पण डाव्या पायात पहिल्यासारखी ताकद येणार नाही. डावा पाय म्हणजे क्लच. भावाने ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

धुळ्याला आल्यावर मी पहिली ऑर्डर त्या सीटची दिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ती बसवली. गाडीवर आलेल्या नव्या ड्रायव्हरने पहिल्याच फेरीत मला फोन केला, "सीट एक नंबर आहे, साहेब. घरच्या पलंगावर बसल्यागत वाटतं." मी फोन ठेवला.

भाऊ आता पिंपळनेरजवळ आमच्या गावी असतो. शेठनी यार्डात गेटवर बसायचं काम देऊ केलं होतं, पण त्याला जास्त वेळ बसताच येत नाही. मी रविवारी जातो. बरेच रविवार विषय टाळला. एकदा वहिनी स्वयंपाकघरात होती, तेव्हा धीर करून विचारलं, "भाऊ, सीटचं तू मला एकदाच सांगितलंस. परत का नाही बोललास?"

तो ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तू एकदा आयकेल व्हतं ना," तो म्हणाला.

आत वहिनीला ऐकू गेलं असावं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने ती दोन कप घेऊन बाहेर आली. डोळे पुसलेले दिसत होते. एक कप तिने माझ्यापुढे ओट्यावर ठेवला आणि दुसरा त्याच्या हातात दिला. चहा तो आता उभ्यानेच घेतो. मीही उठून उभा राहिलो, तसा तो म्हणाला, "तू बस रे. तुले काय व्हयेल शे?"